गल्लीतल्या टॉकीजची नोंद कशी करावी: माणसं, खुर्च्या, तिकिटं आणि रिकामी केबिन

जुन्या टॉकीजबद्दल कुणालाही विचारा, तो आधी सिनेमा सांगतो. कोणता पाहिला, किती वेळा पाहिला, कुठल्या गाण्याला पडद्यावर चिल्लर उडाली. ऐकायला ते गोड वाटतं, पण नोंद म्हणून हाती फार काही लागत नाही. सिनेमा आजही कुठे ना कुठे बघायला मिळतो. तिकिटाच्या खिडकीला हात घालायला किती जागा होती, रांगेचे लोखंडी पाइप कुठून कुठे जात होते, मध्यंतरात वडे कुठल्या दारातून आत यायचे, हे इमारत पडली की संपतं. म्हणून सिनेमा कमी विचारायचा आणि जागा व काम जास्त विचारायचं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

एका टॉकीजसाठी साधारण चार महिन्यांचे शनिवार-रविवार धरा. क्रम असा ठेवा: आधी माणसं, त्यातही सगळ्यात वयस्कर, मग इमारत, मग घरोघरी पडलेल्या वस्तू, आणि शेवटी सरकारी कागद आणि वर्तमानपत्रं. बरेच जण ग्रंथालयापासून सुरुवात करतात आणि सहा महिन्यांनी प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या घरी पोचतात, तेव्हा त्याच्या फोटोला हार घातलेला असतो. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

नाव आधी पक्कं करा

एकाच इमारतीला दोन-तीन नावं असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. मालक बदलला, भाडेकरार संपला, नूतनीकरण झालं की नाव बदलायचं. पुण्यात किबे लक्ष्मी थिएटरचं प्रभात झालं, लिमये नाट्य चित्र मंदिराचं विजय झालं. दादरचं कोहिनूर पुढे नक्षत्र झालं. एकाच नावाने शोध घेतला तर अर्ध्या जाहिराती आणि अर्धे लोक सुटतात. वहीच्या पहिल्या पानावर सगळी नावं, लोकांच्या तोंडची रूपंसुद्धा, लिहून ठेवा. परवान्यावर 'चित्रमंदिर', जाहिरातीत 'थिएटर' आणि रिक्षावाल्याच्या तोंडी 'टॉकीज' असं एकाच जागेचं होऊ शकतं.

कुणाला गाठायचं

प्रेक्षक शेवटी. पहिला नंबर केबिनमधल्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीतल्या, ऑपरेटरचा, मग डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, कँटीनवाला, सायकल स्टँडवाला, बॅनर रंगवणारा पेंटर, झाडलोट करणाऱ्या मावशी. वितरकाचा रिप्रेझेंटेटिव्ह सापडला तर सोडू नका. विकलेल्या तिकिटांचा रोजचा हिशेब, म्हणजे डीसीआर, तोच तपासत असे. कुठल्या सिनेमाला खरोखर गर्दी होती आणि कुठल्या सिनेमाला 'हाउसफुल्ल'ची पाटी उगाच लावली, हे त्याला पाठ असतं.

हे लोक सापडतात कसे? टॉकीजच्या समोरच्या पानाच्या टपरीपासून आणि इस्त्रीवाल्यापासून सुरुवात करा. डोअरकीपर बहुतेक वेळा त्याच वस्तीतला असतो. ऑपरेटर मात्र टॉकीज बदलत फिरलेला असतो, त्यामुळे शहरातल्या दुसऱ्या टॉकीजच्या ऑपरेटरला विचारलं तर पत्ता लवकर लागतो. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. चहा घ्या, कशासाठी आलो ते सांगा, पुढची वेळ ठरवा.

वर्ष विचारू नका

'हे कोणत्या साली?' या प्रश्नाला मिळालेलं उत्तर बहुधा चुकीचं असतं, आणि एकदा तोंडातून साल गेलं की माणूस पुढे त्यालाच धरून बसतो. त्याऐवजी आठवण एखाद्या मोठ्या घटनेला बांधा. पुण्यात पानशेतचा पूर (12 जुलै 1961) पुरतो: पुराआधी की नंतर? पश्चिम महाराष्ट्रात कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), गावाकडे 1972 चा दुष्काळ, मुंबईत दूरदर्शनची सुरुवात (2 ऑक्टोबर 1972), सगळीकडे जून 1975 ची आणीबाणी, गिरणगावात 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप, आणि 1983 चा विश्वचषक. 'संप सुरू झाला तेव्हा मॅटिनी चालू होती का?' असं विचारलं की माणूस थांबतो, डोळे मिटतो आणि मग नेमकं सांगतो. त्या थांबण्यात मध्ये बोलू नका.

घरचे टप्पेही चालतात: लग्नाआधी की नंतर, थोरली शाळेत जात होती का. हे टप्पे वहीत उजव्या बाजूला वेगळे लिहून ठेवले की संध्याकाळी साल काढता येतं.

नकाशा काढून घ्या

सगळ्या कामात हा भाग सगळ्यात मोलाचा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो. ए-3 आकाराचा कोरा कागद, शिसपेन्सिल आणि खोडरबर घेऊन जा. पेन नको, पेनने चुकेल म्हणून वयस्कर माणसं काढायलाच बिचकतात. कागदावर तुम्ही फक्त एक रेघ मारा, ती म्हणजे रस्ता. बाकी सगळं त्यांना काढू द्या: फाटक, खिडक्या, जिना, पिटाचा (पडद्याजवळच्या सगळ्यात स्वस्त जागांचा) दरवाजा, स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी, बायकांची वेगळी बसायची जागा होती का, मुतारी, कँटीन, केबिनचा जिना. 'मला काही काढता येत नाही' असं प्रत्येक जण म्हणतो. मग बोट ठेवून सांगायला लावा आणि त्यांच्या बोटाखाली तुम्ही रेघ ओढा.

एक नियम कडक पाळा: नकाशा आधी एकेकट्याकडून घ्या, घोळका नंतर. चार मित्र एकत्र बसले की मोठ्या आवाजाचा माणूस जिना डावीकडे ठेवतो आणि बाकीचे माना डोलावतात. पाच जणांनी वेगवेगळे काढलेले पाच नकाशे शेजारी ठेवले की जिथे पाचही जुळतात तिथे शंका उरत नाही; जिथे जुळत नाहीत तिथे पुष्कळदा दोन वेगळ्या काळांतली बांधकामं असतात. बाल्कनीचा जिना कुणी आतून काढला आणि कुणी बाहेरून, तर दोघंही खरे असू शकतात. मधे कधीतरी आगीच्या नियमांमुळे किंवा दुरुस्तीत तो हलवला असेल. ते शोधा.

नकाशा झाला की त्यावर माणसाला चालवा. 'तुम्ही फाटकातून आत आलात. उजव्या हाताला काय? पायाखाली फरशी की सिमेंट? अंधारात जागा कशी मिळायची?' डोअरकीपरची बॅटरी, फाटलेलं अर्धं तिकीट, लाकडी खुर्चीतले ढेकूण, वरच्या पंख्यांचा आवाज, विड्यांचा धूर केबिनच्या झोतात दिसायचा तो, हे सगळं या चालण्यात आपोआप निघतं. 'कसं वाटायचं?' हा प्रश्न विचारायची गरज पडत नाही.

रेकॉर्डिंग

साधा फोन पुरतो, पण कॉलरला लावायचा शंभर-दोनशे रुपयांचा वायरवाला माइक घ्या. माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर पाऊण तासाला आलेला एक फोन रेकॉर्डिंग तोडतो. पंखा आणि फ्रिज बंद करण्याची विनंती करा. कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या. ॲपमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा. जागा आणि बॅटरी आधी तपासा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात बोला. दहा वर्षांनी फाइलचं नाव हरवलं तरी आतली ओळख राहते.

एका बैठकीला तासभर, फार तर सव्वा तास. त्यापुढे माणूस थकतो आणि 'तेव्हाचं सगळं चांगलंच होतं' अशा सरसकट बोलण्यावर येतो. एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात, हे धरूनच किती मुलाखती घ्यायच्या ते ठरवा. वीस घेऊन पडून राहण्यापेक्षा आठ घेऊन पूर्ण उतरवलेल्या बऱ्या. बोलीतले शब्द शुद्ध करू नका. 'इंटरवल', 'बालकनी', 'ठेटर' जसं बोलले तसंच ठेवा.

लेखी परवानगी एका पानावर, मराठीत घ्या: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, नाव छापायचं की नाही, कोणता भाग वगळायचा. तिकिटांचा काळाबाजार, पोलीस, मारामाऱ्या यांच्या गोष्टी येणारच. त्यांत इतरांची नावं येतात. ती उतरवलेल्या मजकुरातून काढा आणि मूळ फाइल वेगळी ठेवा.

ऑपरेटरला काय विचारायचं

इथे तयारी करून जा, नाहीतर तो वरवरचं सांगून मोकळा होईल. फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला 90 फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन रिळं जोडून दोन हजार फुटांचं केलं तर बावीस मिनिटं. त्यामुळे केबिनमध्ये दोन मशिनं असत आणि एकाचं रीळ संपता संपता दुसरं सुरू करावं लागे. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारा ठिपका त्याचसाठी: पहिला ठिपका शेवटाआधी साधारण आठ सेकंद, तेव्हा दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, दुसरा ठिपका शेवटच्या सेकंदाला, तेव्हा झोत बदलायचा. ज्यांना लहानपणी तो ठिपका दिसायचा त्यांना तो काय होता हे सांगा. डोळे चमकतात आणि पुढच्या आठवणी सुटतात.

मग विचारा: उजेड कार्बनच्या कांड्यांचा होता की झेनॉन दिव्याचा, आणि बदल कधी झाला? कांडी जळत जाते तसं दोन टोकांमधलं अंतर सतत सांभाळावं लागतं; लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडतो किंवा अंधारतो, आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. रीळ तुटलं तर जोडायला किती वेळ लागायचा? फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावणाने) जोडायचे की टेपने? जोडताना दोन-चार चौकटी कापाव्या लागतात, म्हणून महिनाभर चाललेल्या प्रिंटमध्ये संवाद अर्ध्यात उडी मारायचे. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची का? तसं असेल तर एक मुलगा सायकलवर रिळांच्या पेट्या घेऊन दोन्हींमध्ये धावत असे, आणि वाटेत पंक्चर झालं की मध्यंतर लांबायचं. त्या मुलाचं नाव विचारा. तो आज साठीचा असेल आणि त्याच्याकडे वेगळीच गोष्ट असेल.

सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर किती रिळं आहेत ते लिहिलेलं असे. मुलं तो आकडा मोठ्याने वाचायची: सोळा असला की जल्लोष, बारा असला की हिरमोड. आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा बातमीपट दाखवावा लागे, तेव्हा किती जण बाहेरच थांबायचे, हेही ऑपरेटरला माहीत असतं.

इमारतीत जाण्याआधी

मालकाची लेखी परवानगी घ्या, किमान दोघं जा, सकाळी दहाच्या सुमारास जा. बंद टॉकीजमध्ये कबुतरांची विष्ठा वीत-वीतभर साठलेली असते आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. एन-95 मास्क आणि हातमोजे लागतातच. ती झाडू नका. छताचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, तुटलेल्या तुकड्यांना हात लावू नका. बाल्कनीच्या लाकडी पायऱ्यांवर भिंतीच्या कडेने चाला. पडद्यासमोरचा खड्डा बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाही. केबिनमध्ये जुना रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारं यंत्र) असेल आणि त्यात काचेचा मोठा फुगा दिसला तर त्यात पारा असू शकतो. फोटो काढा आणि लांब राहा.

मोजायचं ते एवढं: पडद्याची रुंदी आणि उंची, केबिनच्या झरोक्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर (लेझर मीटरने मिनिटात होतं), तिकीट खिडकीची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची, रांगांमधलं अंतर. खुर्च्या भंगारात गेल्या असतील तरी हरकत नाही. जमिनीत बोल्टची भोकं राहतात. एका रांगेतली भोकं मोजली की खुर्च्या मोजता येतात, आणि सगळ्या रांगांची बेरीज परवान्यावरच्या आसनसंख्येशी ताडून पाहता येते. तफावत आली तर कुठल्यातरी वर्षी रांगा दाटीने बसवल्या किंवा कमी केल्या आहेत.

फोटो काढताना प्रत्येक खोलीत दारापासून घड्याळाच्या दिशेने चार कोपरे, मग छत, मग जमीन. सुंदर फोटो नंतर. भिंतीवर पेन्सिलने लिहिलेले आकडे, ऑपरेटरने केबिनच्या दारावर खरवडलेली नावं, पोस्टरवर पोस्टर चिकटून झालेला जाड थर, यांचे जवळून फोटो घ्या आणि चौकटीत एक पट्टी ठेवा. पोस्टरचा थर सोलायचा प्रयत्न करू नका, खालचं सगळं फाटतं.

तिकिटं, गाण्यांची पुस्तकं, पोस्टर

तिकिटाचं साल त्याच्या किमतीवरून सांगता येतं. दर आण्यांत छापला असेल तर तिकीट दशमान नाणी आली त्या 1 एप्रिल 1957 च्या आधीचं, किंवा जुना साठा वापरलेला संक्रमणाचा काळ. 'नये पैसे' असेल तर 1957 ते 1964. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. 'मुंबई राज्य' दिसलं तर 1 मे 1960 च्या आधीचं. पोस्टरवर सेन्सॉरचं 'यूए' असेल तर 1983 किंवा नंतरचं, कारण त्याआधी फक्त 'यू' आणि 'ए' होते. तिकिटाच्या कागदाचा रंगही लिहून ठेवा. वर्गानुसार रंग वेगळा असायचा आणि डोअरकीपर अंधारात रंगावरूनच माणूस कुठल्या दाराने सोडायचा ते ठरवायचा.

तिकिटं 600 डीपीआयला, दोन्ही बाजूंनी, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. मागच्या बाजूला जाहिरात, हिशेब किंवा कुणाचा फोन नंबर असतो. लॅमिनेशन कधीही करू नका. उष्णतेने शाई उडते आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेप नको. मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये शाई प्लॅस्टिकला चिकटते, म्हणून पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. गाण्यांची छोटी पुस्तकं, जी टॉकीजच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळायची, त्यांचा स्टेपलच्या पिनेने गंजलेला मधला भाग जपून उघडा. पिन ओढू नका, मागून तिचे पाय सरळ करून काढा.

30 बाय 40 इंचांचं पोस्टर घडीवर फाटतं. ते स्कॅन करत बसू नका. भिंतीला सपाट लावून, ढगाळ दिवशी बाहेरच्या उजेडात, कॅमेरा बरोबर मधोमध धरून फोटो काढा. खालच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव वाचता येईल असा एक जवळचा फोटो वेगळा घ्या.

मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड अजून काही दुकानांत पडलेल्या असतात. वस्तीतल्या कापडवाल्याची, सोनाराची, डॉक्टरांची जाहिरात असलेली स्लाइड एखाद्या पोस्टरपेक्षा जास्त बोलते. ती पाण्याने पुसू नका. टॅब्लेटवर पांढरा पडदा लावून, त्यावर दुधी प्लॅस्टिक आणि तीन-चार सेंटिमीटर वर स्लाइड धरून फोटो काढा. इतकं अंतर ठेवलं की स्क्रीनचे ठिपके फोटोत येत नाहीत.

फिल्मचे तुकडे

पत्र्याच्या डब्यात गोट्यांबरोबर फिल्मचे तुकडे सापडणारच. केबिनच्या खिडकीतून बाहेर पडलेले हे तुकडे मुलं गोळा करायची, गेलेल्या बल्बची तार काढून त्यात पाणी भरायची, आरशाने ऊन आत घ्यायची आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीवर चित्र पाडायची. तुकड्यात लोक बारीक-लांबट दिसले तर तो सिनेमास्कोपचा, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाचा आहे. स्कॅन करून रुंदी दुप्पट केली की चेहरे ओळखू येतात. सगळं गुलाबी-तांबडं झालं असेल तर इतर रंग उडाले आहेत, तरी स्कॅन करा. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट (फिल्मचं प्लॅस्टिक) सडू लागलंय, तो डबा बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आणि इथे चूक परवडत नाही: 1951 च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती स्वतःच प्राणवायू सोडत जळते, पाण्याखालीसुद्धा विझत नाही. कडेवर इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं असलं तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण निगेटिव्हच्या कडेवरची अक्षरं प्रिंटवरही उमटतात. चिकट झालेलं, तपकिरी भुकटी पडलेलं जुनं रीळ उघडू नका, उन्हात ठेवू नका, जाळून पाहू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी (स्थापना 1964) संपर्क साधा.

कागद

परवाना जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडचा, मुंबईत पोलीस आयुक्तांकडचा असतो. त्यात आसनसंख्या मिळते. करमणूक कर 2017 मध्ये जीएसटी आल्यावर गेला, पण जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत जुन्या फायली असू शकतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि 'सर्व माहिती' मागू नका. 'अमुक टॉकीजचा पहिला परवाना व मंजूर आसनव्यवस्थेचा नकाशा' असं नेमकं मागा. जागेच्या मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका.

वर्तमानपत्रांत शुक्रवार बघा, नवा सिनेमा त्या दिवशी लागायचा. चाळीस वर्षांचे शुक्रवार दोन हजारांवर होतात. एकाला दोन मिनिटं धरली तरी सत्तर तास. म्हणून आधी दर वर्षीचे दोनच अंक घ्या: जानेवारीतला पहिला शुक्रवार आणि दिवाळीच्या आठवड्यातला. ज्या दोन अंकांच्या मध्ये टॉकीजचं नाव, दर किंवा खेळांच्या वेळा बदलल्या असतील, तेवढाच काळ बारकाईने उलगडा. पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर अशा जुन्या ग्रंथालयांत आधी फोन करून कोणत्या वर्षांचे अंक बघायला मिळतात ते विचारून घ्या.

फाइलींची नावं वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे संगणक त्या आपोआप ओळीने लावतो. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

सगळं उतरवून झालं की पाचही नकाशांवरून एक पक्का नकाशा काढा, ए-3 वर मोठ्या अक्षरांत छापा आणि ज्यांनी बोलून दिलं त्यांच्याकडे परत जा. सोबत लाल पेन्सिल न्या. डोअरकीपरकाकांसमोर कागद पसरून त्यांना एवढंच विचारा की तुम्ही कुठे उभे राहायचे. ते बोट ठेवतील तिथे खूण करा, आणि तिथून त्यांना कुठली कुठली दारं दिसायची ते लिहून घ्या.